केक का बसतो, का फुटतो आणि का दडस होतो?

डिसेंबर उजाडला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे फोटो येऊ लागतात. एक नाताळच्या चांदण्यांचे, दुसरे मधोमध खड्डा पडलेल्या केकचे. खड्ड्याखालचा मजकूर ठरलेला: "सगळं मापात घातलं होतं. व्हिडिओत दाखवलं तस्संच केलं. तरी असं का झालं?"

२०२०च्या टाळेबंदीत, एरवी वाढदिवसाचा केक बेकरीतूनच आणणाऱ्या घरांतही केक भाजले गेले. नंतर अनेकांकडे ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन आला, मापाचे कप-चमचे आले, व्हॅनिलाची बाटली फ्रीजच्या दारात कायमची राहायला आली. पण केक बिघडतो तेव्हा आत नक्की काय बिघडतं, ते कुणी सांगितलं नाही. काय करायचं ते व्हिडिओ दाखवतो, का करायचं ते सांगायला त्याला वेळ नसतो. मग आपण भलत्याच गोष्टीला धरतो. केक बसला की पुढच्या खेपेला बेकिंग पावडर वाढवतो आणि तो आणखी बसतो. ओव्हनला नावं ठेवतो, अंड्यांना ठेवतो आणि शेवटी "माझ्या हाताला केक नाही" म्हणून नाद सोडतो.

हाताचा प्रश्न सहसा नसतो. बसणं, फुटणं, दडस होणं, तळाशी चिकट थर राहणं या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं मूळ एकच आहे. ते कळलं की बिघडलेल्या केककडे बघूनच पुढच्या वेळी काय बदलायचं ते सांगता येतं.

फुगणं आणि आळणं

पिठलं करताना आठवून बघा. कालवलेलं बेसन आधी पातळ असतं आणि एका क्षणी पळीला जड लागायला लागतं. आपण म्हणतो, पिठलं आळलं. म्हणजे पिठातल्या स्टार्चच्या कणांनी गरम पाणी पिऊन घेतलं आणि ते फुगून एकमेकांना खेटले. केकमध्ये मैद्याचं हेच होतं. जोडीला अंडं असतं. उकडताना ते जसं पातळाचं घट्ट होतं, तसंच केकमध्येही होतं. या दोघांच्या जिवावर केक उभा राहतो. या प्रकाराला मी पुढे 'आळणं'च म्हणेन, आपल्या स्वयंपाकघरात तो शब्द आयता आहे.

त्याच वेळी दुसरीकडे फुगणं चालू असतं. लोणी-साखर किंवा अंडी फेटताना मिश्रणात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, असलेल्यांत वायू भरते. हे पुष्कळांना माहीत नसतं. फेटायचा कंटाळा केला तर कितीही चांगली बेकिंग पावडर नाजूक जाळी पाडू शकत नाही, ती थोड्याच बुडबुड्यांना मोठ्ठं करत बसते. ओव्हनची धग लागली की बुडबुड्यांतली हवा पसरते, पाण्याची वाफ होते, पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तिघं मिळून मिश्रण वर ढकलतात.

आता या दोन कामांची वेळ जुळली पाहिजे. अंडं ६०-६५ अंश सेल्सिअसपासून घट्ट व्हायला लागतं. मैद्याचा स्टार्च नुसत्या पाण्यात असता तर त्यानेही साठीतच सुरुवात केली असती. पण केकमध्ये साखर भरपूर असते, ती पाणी धरून ठेवते आणि स्टार्चला ८०च्या पुढे जाईपर्यंत थांबावं लागतं. नीट भाजलेल्या केकचं पोट शेवटी ९६ ते ९९ अंशांपर्यंत तापलेलं असतं. फुगणं पुढे पळालं आणि आळणं मागे राहिलं, तर बुडबुडे मोठे होऊन फुटतात आणि वरचं छप्पर कोसळतं. आळणं आधी झालं तर फुगायला वावच उरत नाही. मग केक एकतर दडस राहतो, नाहीतर आतलं मिश्रण वरची साल फोडून बाहेर येतं.

ढोकळा करणाऱ्यांना ही शर्यत हाताला माहीत असते. पिठात इनो घातल्यावर शेजारणीशी बोलत उभं राहिलं तर ढोकळ्याचं काय होतं ते सांगायला नको.

खड्डा कधी पडला, हे आधी आठवा

केक बसल्याचा फोटो आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते: खड्डा ओव्हनमध्ये पडला की बाहेर काढल्यावर?

काचेतून बघताना केक झपाट्याने टम्म फुगला आणि डोळ्यांदेखत खाली गेला, तर फुगणं पुढे पळालं. सगळ्यात मोठा संशयित म्हणजे बेकिंग पावडर, आणि तीही जास्त झालेली. साधारण एक कप, म्हणजे १२५ ग्रॅम मैद्याला एक ते सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर पुरते. खाण्याचा सोडा असेल तर पाव चमचा. इथे चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, काठाशी सपाट केलेला. पोह्याच्या चमच्याने शीग लावून घेतलेली "एक चमचा" पावडर सहज दीडपट-दुप्पट होते. ओव्हन कमी तापलेला असला तरी हेच होतं. मिश्रण रेंगाळत फुगत राहतं, पण आळण्याइतकी धग पोटापर्यंत पोचतच नाही.

साखर जास्त झाली तरीही हाच खड्डा. अनारसा तळताना हसतो, म्हणजे कढईत विरघळून पसरतो, तेव्हा आई-आजी लगेच ओळखायच्या: गूळ जास्त झाला. केकचंही तेच आहे. साखर आळणं लांबवते, प्रमाणाबाहेर गेली की केक हसतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. "आम्ही गोड कमी खातो" म्हणून साखर निम्मी केली तर स्टार्च लवकर आळतो आणि केक कोरडा, आखडलेला होतो, कारण केकला ओलसर ठेवण्याचं कामही साखरच करत असते. चार-सहा चमचे कमी केलेली चालते. निम्मी करायची असेल तर तशीच बेतलेली कृती शोधावी.

बाहेर काढेपर्यंत केक छान होता आणि ओट्यावर आल्यावर पाच मिनिटांत बसला, तर प्रश्न सोपा आहे: तो कच्चा होता. पोट आळलं नव्हतं, आतल्या वाफेने त्याला तोलून धरलं होतं. वाफ निवली, केक खाली आला. सुरी घालून बघताना ती अगदी मधोमध घाला. कडेला घातलेली सुरी नेहमीच कोरडी येते आणि नेहमीच फसवते. बोटाने हलकेच दाबल्यावर खड्डा भरून आला पाहिजे, आणि कडा भांड्यापासून किंचित सुटलेल्या दिसल्या पाहिजेत. चॉकलेट केकच्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नका, तो पहिल्या मिनिटापासून तपकिरीच असतो.

आणि दार. उघडायचा मोह सगळ्यांना होतो, घरात लहान मूल असेल तर दुप्पट. ३५ मिनिटांचा केक असेल तर पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. गार हवा आत शिरली की अर्धवट आळलेल्या भिंतींना आधार देणारा वायू आकसतो. त्यानंतर उघडलं तर फारसं बिघडत नाही, तेव्हा भिंती आपल्या पायावर उभ्या असतात.

मधोमध डोंगर आणि वर भेग

हे खड्ड्याच्या उलटं. भांड्याचा पत्रा आधी तापतो, त्यामुळे कडा आधी आळतात. मधलं मिश्रण अजून पातळ असतं, त्याला बाजूला जायला वाट नसते, ते वर चढतं. तोवर वरची साल कडक झालेली असेल तर ती फुटते. म्हणजे ओव्हन फार तापलेला आहे, किंवा भांडं लहान आहे.

भांड्याबद्दल थोडं थांबू. "आठ इंची टीन नव्हता म्हणून सहा इंची घेतला, दोनच इंचांचा तर फरक" असं वाटतं. पण भांड्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. सहाचा वर्ग ३६, आठचा ६४. आठ इंची भांडं सहा इंचीच्या पावणेदोन पट मोठं आहे. आठ इंचीसाठीचं मिश्रण सहा इंचीत ओतलं की थर जाड होतो, कडा करपेपर्यंत पोट कच्चं राहतं. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उरलेल्या मिश्रणाचे वाट्यांत कपकेक करावेत, मुलं तेच आधी संपवतात.

लांबट ब्रेडच्या टीनमधल्या केकला वर भेग पडणं हा दोष नाही, तिथे ती पडतेच. गोल केक सपाट हवा असेल तर जुन्या सुती कापडाची पट्टी ओली करून, पिळून टीनच्या बाहेरून गुंडाळा. ती गरम दांड्यांना टेकणार नाही एवढं बघा. ओल्या पट्टीमुळे कडा उशिरा तापतात आणि मधल्याबरोबर चढतात.

ओटीजीचं बटण खरं बोलतं का?

बहुतेक वेळा थोडं खोटं बोलतं. बटण १८० दाखवत असताना आत १६० असणं किंवा २०० असणं, दोन्ही घडतं. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळाला तर उत्तमच. नसेल तर साखरेची युक्ती करा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर ठेवा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये १७५वर १५ मिनिटं राहू द्या. वितळली, तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतो. नाही वितळली तर नवी साखर घेऊन १९०वर पुन्हा १५ मिनिटं. आता वितळायला हवी. नाही वितळली, तर तो कमी तापतो. एकदा हे कळलं की दहा-वीस अंश इकडेतिकडे करून कायमचं भागतं.

ओव्हन आधी तापवून ठेवणं, म्हणजे प्रीहीट, टाळू नका. गार ओव्हनमध्ये ठेवलेल्या केकला आधी नुसत्या वरच्या-खालच्या दांड्यांची धग लागते. साल भाजते, पोट गारच. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती अजून तापायच्या असतात, म्हणून त्यानंतरही पाच मिनिटं थांबा. परदेशी कृतीत ३५० अंश दिसलं तर घाबरू नका, ते फॅरेनहाइट आहे, आपले १७५-१८०. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर साधारण २० अंश कमी ठेवा. तळ करपत असेल तर जाळी एक घर वर घ्या.

सोडा आणि बेकिंग पावडर भावंडं आहेत, जुळी नाहीत

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आंबट काहीतरी भेटलं की वायू सुटतो. आंबट म्हणजे दही, ताक, लिंबू, व्हिनेगर, साधी कोको पावडर किंवा गूळ. आंबट काही नसेल तर सोडा नुसत्या उष्णतेने विघटित होतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. याचं घरगुती नाव धुण्याचा सोडा. केकला साबणासारखी चव का आली, याचं उत्तर या नावातच आहे.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा, त्याला लागणारी कोरडी आंबट पूड आणि दोघांना एकमेकांपासून दूर ठेवणारं थोडं कॉर्नफ्लोअर, असं तयार मिश्रण. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने अशी पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. हल्लीच्या डब्यांवर 'डबल अ‍ॅक्शन' लिहिलेलं असतं. ती थोडा वायू ओली झाल्यावर सोडते आणि बराचसा ओव्हनमध्ये तापल्यावर. त्यामुळे अशा पावडरचं मिश्रण दहा-पंधरा मिनिटं थांबलं तरी चालतं. सोडा आणि दही किंवा इनो यांना हा धीर नसतो. ते भेटल्याबरोबर वायू सोडून मोकळे होतात, म्हणून ओव्हन तापलेला, भांडं तूप लावून तयार, आणि मगच सोडा. सोड्याची ताकद बेकिंग पावडरच्या तीन-चार पट असते, तेव्हा एकाच्या जागी दुसरा त्याच मापात घालायचा नाही.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. दमट हवेत उघडा डबा हळूहळू आपलं काम डब्यातच उरकून टाकतो. अर्धी वाटी गरम पाण्यात चमचाभर बेकिंग पावडर टाका. फसफसून आली तर जिवंत आहे. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात. मेलेली पावडर आणि दडस केक यांचा संबंध जुलै-ऑगस्टात आधी तपासावा.

फेटायचं मनसोक्त, ढवळायचं हिशोबात

इथे बरेच जण घोटाळा करतात, कारण एकाच केकमध्ये दोन उलटे नियम आहेत. मैदा पडण्याआधी जितकं फेटाल तितकं चांगलं. मैदा पडल्यावर हात आवरायचा.

मैद्याला पाणी लागलं आणि आपण ते हलवलं की त्यातल्या प्रथिनांची लवचीक जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. पुरणपोळीची कणीक आपण तेल लावून तिंबतो ती हीच जाळी यावी म्हणून. ताणली तरी फाटू नये, पुरण पोटात मावावं. केकमध्ये हा गुण अवगुण ठरतो. मैदा घातल्यावर बीटरने पाच मिनिटं फेटलेला केक रबरासारखा होतो आणि कापल्यावर आत उभे लांब बोगदे दिसतात. म्हणून मैदा दोन-तीन वेळा विभागून, मोठ्या चमच्याने तळातून उचलून वर पसरत मिसळतात. यालाच कट अँड फोल्ड म्हणतात. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत.

लोणी-तेलाचं काम मोहनासारखं आहे. शंकरपाळ्यांत मोहन घातलं की त्या खुसखुशीत होतात, कारण तुपाचा लेप बसलेल्या पिठाला पाणी नीट मिळत नाही आणि ग्लुटेन लांब वाढत नाही. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते. केकमध्ये लोणी जास्त झालं की तो जड होतो आणि कापताना चुरतो.

लोणी आणि साखर फेटून केक करायचा तर लोणी १८-२० अंशांचं हवं: बोटाने दाबल्यावर ठसा उमटावा, पण चकाकी नसावी. पुस्तकं याला 'रूम टेंपरेचर' म्हणतात आणि ती पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या स्वयंपाकघरात लोणी बाहेर ठेवलं तर त्याचं तेल होतं, आणि पातळ लोण्यात हवा अडकत नाही. फ्रीजमधून काढून बारीक तुकडे करा, दहा मिनिटांत फेटायला घ्या, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा. मी स्वतः एप्रिल ते जून लोण्याचे केक करतच नाही, तेलाचे करते. तेलाचा केक फ्रीजमध्येही मऊ राहतो, हा वरचा फायदा. आपल्या दुकानातली साखर जाड दाण्याची असते, ती केकमध्ये पूर्ण विरघळत नाही आणि वर ठिपके पडतात. मिक्सरमधून तिला एकदाच फिरवून घ्या. पार पिठीसाखर मात्र करू नका, कारण साखरेच्या धारदार दाण्यांनीच लोण्यात हवा शिरते.

फ्रीजमधली गार अंडी एकदम घातली तर फेटलेलं लोणी-साखर फाटल्यासारखं दिसतं. अंडी अर्धा तास आधी बाहेर काढा, एकेक घाला. फाटलंच तर चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं.

"पण माझी आई वाटीनेच मापायची"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो चूक नाही. आई मैदाही त्याच वाटीने घ्यायची आणि साखरही. प्रमाण तिच्या घरात जुळलेलं होतं. गोंधळ होतो तो दुसऱ्याची कृती आपल्या वाटीने केली की. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा. टेबलस्पून आपल्याकडे आणि अमेरिकेत १५ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २०. आपल्या आमटीच्या वाट्या तर घरोघरी वेगळ्या. शिवाय कप डब्यात खुपसून दाबून भरला तर त्यात १४०-१५० ग्रॅम मैदा बसतो, चमच्याने अलगद भरून सपाट केला तर १२०-१२५. दोन कपांच्या केकमध्ये पन्नास ग्रॅमचा फरक पडला की केक कोरडा होणारच. नव्याने काही विकत घ्यायचं असेल तर सिलिकॉनचे रंगीत साचे राहू द्या, छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्या.

कढई, कुकर, मायक्रोवेव्ह

माझा पहिला केक गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमधला, झाकणावर काचेची खिडकी असलेल्या. तापमानाचं बटण नव्हतं. आई वासावरून ठरवायची. कोकणात तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस करताना खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवतात, तेव्हा धग दोन्हीकडून मिळते आणि वरूनही खरपूस रंग येतो. कढईत किंवा पातेल्यात केक केला की वरचे निखारे नसतात. तळ भाजतो, माथा फिकट राहतो. हा दोष नाही, त्या भांड्याचा स्वभाव आहे. जाड बुडाची कढई, तळाशी मीठ किंवा वाळू, त्यावर उंच स्टँड, दहा मिनिटं झाकून तापवणं, मग मंद आच आणि ४०-५० मिनिटांचा धीर. कुकर वापरायचा तर रिंग आणि शिट्टी काढायलाच हवी. पण पुष्कळ कुकरच्या पुस्तिकेत तो पाण्याशिवाय तापवू नका असं छापलेलं असतं, म्हणून मी कढईलाच पसंती देते.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये लहरी पदार्थातल्या पाण्याला तापवतात, भोवतालची हवा जवळजवळ गारच राहते. त्यामुळे साल धरत नाही, रंग येत नाही आणि निवल्यावर केक चिवट होतो. कपातला दोन मिनिटांचा केक गरमागरम खायला ठीक. खरा केक हवा तर कन्व्हेक्शन मोड हवा, त्यात तापलेली हवा पंख्याने फिरते.

अंड्याशिवाय आणि मैद्याशिवाय

"बिनअंड्याचा केक दडसच होतो" हे खरं नाही, पण अंड्याचं काम कुणीतरी करावं लागतं. अंडं आळून केक उभा करतं, हवा धरतं, ओलावा देतं. दही-सोड्याचा जोर फुगवण्याचं काम करतो, कंडेन्स्ड मिल्कमधली दुधाची प्रथिनं थोडा आधार देतात, पण अंड्याइतकी भक्कम भिंत कुणीच देत नाही. म्हणून असा केक उंच टीनमध्ये एकच जाड न करता पसरट टीनमध्ये दोन पातळ थरांत केलेला बरा. दही किंचित आंबट घ्या. गोड ताज्या दह्यात सोड्याला पुरेल एवढी आंबटाई नसते आणि साबणाची चव मागे राहते.

कणकेचा केक मैद्याच्या मापात केला तर कोरडा होतो. गिरणीतल्या दळणात स्टार्चचे कण बरेच तुटतात आणि ते जास्त पाणी पितात, कोंडाही पितो. कपामागे दोन-तीन मोठे चमचे दूध वाढवा. नाचणीत ग्लुटेनच नसतं, तेव्हा नुसत्या नाचणीचा केक चुरा होतो. निम्मी कणीक घाला किंवा एखादं अंडं वाढवा. रव्याचा केक करताना गोव्याच्या नाताळातला बाथ आठवावा. रवा-नारळाचं ते मिश्रण कित्येक तास भिजू देतात. रव्याला पाणी प्यायला वेळ लागतो, घाई केली तर दाताखाली कचकच येते. बेकिंग पावडर अर्थात भाजायच्या वेळी.

महाबळेश्वरला तोच केक का बिघडतो?

कारण तिथे हवेचा दाब कमी. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. दाब कमी म्हणून बुडबुडे जास्त फुगतात, आणि पाणी लवकर उडतं म्हणून केक कोरडा पडतो. चमच्यामागे पाव चमचा बेकिंग पावडर कमी, कपामागे एक मोठा चमचा साखर कमी, एक-दोन मोठे चमचे दूध जास्त आणि ओव्हन दहा अंश वर. पुणे ५६० मीटरवर, तिथे काही बदलायला लागत नाही. अमेरिकेत डेन्व्हरला राहणाऱ्या भाचीचा केक तीनदा बसला, कृती तिच्या आईची, मुंबईतली. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे, हे कळल्यावर चौथा जमला.

उरलेल्या किरकोळ तक्रारी

टुटीफ्रुटी तळाशी जाते? तिला मैद्यात घोळवा असं सगळे सांगतात, मला त्याचा फार फरक जाणवला नाही. मिश्रण पातळ असतं हे खरं कारण. तुकडे बारीक करा, निम्मे शेवटी वरून भुरभुरवा. तळाशी चिकट पिवळट थर राहिला तर ढवळणं अपुरं पडलं, तळाशी बसलेलं लोणी-अंडं वर आलंच नाही. केक भांड्याला धरून बसतो? तळाला बटर पेपर लावा आणि दहा मिनिटांनी काढा. लगेच काढला तर तुटतो, तासभर आत ठेवला तर वाफेने खालून ओला होतो. निवण्याआधी क्रीम लावू नका, वाहून जाईल.

आणि दडस झालेला केक टाकू नका. कच्चा मध्य काढून टाका, बाकीच्याच्या बोटभर जाड पट्ट्या कापा आणि १५० अंशांवर उलटसुलट करत पूर्ण वाळेपर्यंत भाजा. दोन्ही बाजू मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. इराण्याच्या हॉटेलात चहाबरोबर मिळतात तसे केक रस्क होतात. आमच्याकडे एवढ्यात पाहुणे विचारतात, रस्क कुठून आणले म्हणून, आणि मी बेकरीचं नाव सांगत नाही.